खातं हलवायचं होतं

धानोऱ्याच्या हेमकांत आप्पांना सूतगिरणीतून निवृत्त व्हायला चारच वर्षं उरली होती. आपल्या पेन्शनच्या खात्यातून दरवर्षी केवढे चार्जेस कापले जातात, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. समजावून सांगणारी पेन्शन सल्लागार रंजिता म्हणाली, "काका, दुसऱ्या कंपनीत याच्या निम्मेही जात नाहीत. इथं सही करा, खातं हलवून टाकू."

आप्पांनी लगेच पेन उचललं. पण टेकवण्याआधी विचारलं, "जुना एजंटले समजी का?"

"समजणारच. त्याचं कमिशन बंद होईल ना!"

आप्पांनी पेन हळूच तिच्याकडे सरकवलं.

"एवढं काय घाबरता त्याला? चिडून चिडून किती चिडेल तुमच्यावर?"

"मन्हावर चिडना तर चालस, बेटा," आप्पा उठता उठता म्हणाले, "पण मन्ही पोर त्याना घरमा देयेल शे, सून म्हणून."