हेडचे बोल्ट

दिव्यानीनं पहिला बोल्ट सैल केला, तसा त्याच्या कडेचा हिरवा रंग कट्‌कन तडकला.

ती थांबली. मग दुसऱ्या बोल्टाला पाना लावला. तोही तसाच तडकला. रंग जाड होता, जुना होता. बाकीचे बोल्ट आणि इंजिनाचं हेड अजून त्या एकाच सालीखाली झाकलेले होते.

"हात चालव पोरी, बाजाराचा दिस हाये," श्रावण म्हणाला.

घाटावरची मोठी नाव त्याची. नावेमागं लावायचं हे जुनं पेट्रोल इंजिनही त्याचंच, बापानं सरकारी लिलावात घेतलेलं. सकाळपासून दोरी ओढून ओढून त्याचा खांदा भरून आला, पण इंजिन सुरूच होईना. म्हणून त्यानं गावातल्या पंपदुरुस्तीच्या दुकानातून दिव्यानीला बोलावून आणलं होतं. इंजिन काठावर ताडपत्रीवर आडवं पडलं होतं. बाजाराला निघालेली माणसं टोपल्या, गाठोडी घेऊन भोवती उभी होती.

"भाऊ, ह्याले रंग कोनं मारला?"

"सरकारीच हाये तो. बाबानं आनलं तवापासूनचा."

"मंग पुन्हा नाई मारला?"

"काऊन मारू? इंजिन चालते, रंग थोडीच चालते!" श्रावण हसला. दोघंतिघं आणखी हसले.

दिव्यानीनं सगळे बोल्ट काढले, हेड उचललं. खालचं गॅसकेट एका बाजूनं जळून फुटलं होतं. दुखणं सापडलं. तरी ती खोलतच राहिली. कार्बोरेटर काढला. पाण्याचा पंप काढला. शेवटी पाणी कापणारा खालचा पंखाही उतरवला. एकेक भाग पुसून ताडपत्रीवर मांडत गेली.

"एवढं कायले खोलून राह्यली?"

"खोललेलं इंजिन कसं दिसते ते लोकायले दाखवतो, भाऊ. तुमी तं पाह्यलंच असन. गेल्या पुरात तुमी खोललं होतं ना?"

श्रावणचं हसू गेलं.

"मायले साप चावला होता. पलीकडच्या दवाखान्यात न्याले आमी तिले खाटेवर घालून इथीच आनलं. तुमी म्हनलं, झोपडीत हेड खोलून ठेवलं हाये, थांबा, आत्ता जोडतो. आमी थांबलो." तिनं एक बोल्ट त्याच्यापुढं धरला. "हे हेड आज पयल्यांदा खुललं, भाऊ."

वल्ह्याची डोंगी चालवणारा लालसू पुढं आला. त्यानं बोल्ट हातात घेतला, नखानं रंग खरवडून पाहिला आणि शेजारच्या माणसाकडं दिला. बोल्ट एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिला.

"पानी लई होतं," श्रावण शेवटी म्हणाला. "मले भेव वाटलं. एवढ्या लोकायपुढं कसं सांगू? वाटलं, जरासं थांबलं तं पानी उतरन."

"भेव वाटते म्हनून सांगतलं असतं, तं आमी तिले ट्रॅक्टरनं पुलाकडून नेलं असतं. ट्रॅक्टर उभाच होता." दिव्यानीचा आवाज चढला नाही. "जीव जातानी तिच्या पापन्या मिटत होत्या. तरी तुमच्या झोपडीकडं पाहत होती. मले इचारे, जोडून राह्यला ना गं तो?"

श्रावणनं ताडपत्रीवरच्या पसाऱ्याकडं पाहिलं. हे परत कसं जोडायचं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"आता असंच टाकून जाशील?"

पंखा दांड्याला धरून ठेवणारी बोटभर पिन दिव्यानीच्या मुठीत होती. करवतीनं तिला अर्ध्यापर्यंत काप दिला असता, तर भर धारेत ती तुटून पंखा फिरायचा थांबला असता. धारेत पाणी आजही माणसापेक्षा खोल होतं. तिनं मूठ आवळली. तळव्यावर वळ उठेपर्यंत आवळून धरली.

"नाई," ती म्हणाली. "मी जोडतो म्हनलं का जोडतो."

तिनं पिन होती तशी बसवली. पिशवीतला गॅसकेटचा कागद हेडवर ठेवून हातोडीनं ठोकत नवं गॅसकेट कापलं. बोल्ट आळीपाळीनं आवळले. हातोडीचा आवाज थांबला की नुसतं नदीचं पाणी ऐकू येई.

इंजिन नावेला लागलं. दिव्यानीनं दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला ते सुरू झालं. इतक्या स्वच्छ आवाजात ते कित्येक वर्षांत चाललं नव्हतं.

"चला," श्रावण म्हणाला.

कोणी हललं नाही. मग एका म्हातारीनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती लालसूच्या डोंगीत जाऊन बसली. तिच्यामागं दुसरी गेली. मग एक बाप मुलीचं बोट धरून गेला. डोंगी काठोकाठ भरली. उरलेली माणसं तिच्या दुसऱ्या खेपेची वाट पाहत रेतीवर बसली.

श्रावणनं एकट्यानंच नावेचा दोर सोडला.

दिव्यानी पाण्याशी बसून रेतीनं हातावरचं तेल घासत होती. तिनं एकदाच मान वर केली. इंजिन कुठंही न अडखळता चाललं होतं. रिकाम्या नावेचं नाक उचललं गेलं होतं, आणि ती कधी नव्हे इतक्या वेगानं पलीकडं निघाली होती.