रुद्राणी आत्याची जीभ

“पोरी, तुझ्या जागी मी असते ना, तर त्याचा हातच मोडून दिला असता,” वकिलाच्या खोलीत बसता बसता रुद्राणी आत्या म्हणाली.

मुरुडहून आत्या आल्यापासून हे वाक्य वर्षाराणी रोज ऐकत होती. कधी भाकरीबरोबर, कधी चहाबरोबर.

आत्याच्या जिभेला सगळं मुरुड वचकून असे. भाजीवाले तिला न मागता कोथिंबीर देत. कंडक्टर तिच्याकडे सुट्टे मागत नसे. अशा बाईच्या वाटेला कोण जाणार? भाची मात्र मऊ निघाली, असं आत्याचं मत. नांदेडात मोबाईलवरून बोलावलेल्या गाडीत ड्रायव्हरनं वर्षाराणीच्या अंगावर हात टाकला. ती सरळ पोलिसात गेली. तो खटला चालू होताच. आता ही मऊ भाची गाड्या पुरवणाऱ्या कंपनीवर भरपाईचा दावा लावायला निघाली होती.

“कंपनीनं काय हात लावला का तुला?” आत्या म्हणाली. “लोक म्हणतील, महादेवप्पाची पोरगी भांडकुदळ. आत्यावर गेली.”

दामिनी वकीलबाई हसल्या. “ड्रायव्हरला शिक्षा फौजदारी कोर्ट देईल. पण त्याला हिच्या दारात पाठवलं कंपनीनं. भरपाई कंपनीकडून मागता येते. अडचण एकच आहे.”

कंपनीचं उत्तर आलं होतं. ड्रायव्हर आमचा नोकर नाही. आणि त्याच्याबद्दल आजवर एकाही प्रवाशाची तक्रार नाही.

“आधी तक्रार येऊनही त्याला ठेवला, एवढं दाखवता आलं तर कंपनी सुटत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “नाहीतर आपला दावा लंगडा पडतो.”

वर्षाराणीनं पर्स उचलली. “मग राहू द्या, मॅडम.”

“मी काय सांगून राहिले होते?” आत्या म्हणाली, आणि टेबलावरचा ड्रायव्हरचा फोटो सहज आपल्याकडे वळवला. तो तिनं आजवर पाहिला नव्हता.

चहा आला. साखर अगदीच कमी होती. आत्या त्यावर काही बोलली नाही. वर्षाराणी घाबरली.

“आत्या, बरं नाही का तुला?”

आत्यानं फोटो पालथा घातला. पदर सारखा केला.

“वकीलबाई, कंपनी खोटं बोलून राहिली. याची आधी तक्रार झालती.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“मागल्या दिवाळीला लेकीकडं नांदेडला गेलते, याच्याच गाडीत,” आत्या हळू म्हणाली. “कंपनीला फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी मला पुढच्या फेरीला सूट दिली.”