अवलंबून

सोलापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्या टीमसाठी टेस्टला लागणाऱ्या कोडची एकच सामायिक लायब्ररी होती. उत्कर्षाने सकाळी त्यातलं एक पॅकेज अपडेट केलं. तिच्या टेस्ट पास झाल्या आणि ती निर्धास्तपणे चहाला गेली. परत आली तर शेजारच्या टीममधल्या वरदच्या सगळ्या टेस्ट फेल झाल्या होत्या. त्या टेस्ट पॅकेजच्या जुन्या व्हर्जनवर अवलंबून होत्या, हे तिने तपासलंच नव्हतं.

"माझ्याच कोडमध्ये गडबड दिसतेय," असं म्हणत वरदने घरी फोन लावला. "आई, रिलीज अडकलाय गं. वैरागला तुम्हीच जाऊन या. मला नाही जमायचं."

कबूल करायला उत्कर्षा उठली, पण समोर साहेब दिसले आणि ती परत बसली. दुपारी वरदने डबासुद्धा उघडला नाही, तेव्हा मात्र तिला राहवेना.

"वरद, तुझं काही चुकलेलं नाही. लायब्ररी मी बदलली. सकाळीच सांगायला पाहिजे होतं, पण धाडस झालं नाही. माझ्यामुळं तुझं जाणं राहिलं."

वरदने मान खाली घातली.

"तू लायब्ररी बदललीस हे मला सकाळीच कळलं होतं गं. घरचे वैरागला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलेत. तुझं नाव घरी सांगायचं धाडस मलाही झालं नाही."