पक्षी नसलेलं घर

तिच्या प्रयोगाच्या शेडमध्ये चाळीस कोंबड्या होत्या. वीस जणींच्या नाकात औषधाचा थेंब, वीस जणींच्या नाकात नुसतं पाणी. ते औषध म्हणजे लस नव्हती. विषाणू शिरण्याआधीच ते शरीरातल्या पहारेकऱ्यांना जागं करून ठेवायचं. शेडमध्ये काम करणाऱ्यांना एक नियम सक्त होता: पक्षी पाळलेल्या घरात पाऊल टाकायचं नाही. म्हणून पाच महिने ती बाबांकडे फिरकली नव्हती.

"एवढ्याशा पोपटाला घाबरतेस होय गं?" बाबा फोनवर चिडवायचे.

"त्याच्यासाठीच घाबरते, बाबा. माझ्यामुळे त्याला आजार झाला तर?"

आई गेल्यापासून आईच्या आवाजात बोलणारा तो पोपटच तेवढा उरला होता.

रविवारी बाबांनीच फोन केला. "पोपट शेजारच्या काकूंना देऊन टाकला. आता सबबी पुरे. जेवायला ये."

ती गेली. खिडकीतला पिंजऱ्याचा हूक रिकामा होता. त्याच्याकडे न बघता दोघं जेवायला बसली.



जेवण संपेपर्यंत भिंतीपलीकडून आईच्या आवाजात "ठमे, जेवलीस का?" अशी हाक सात वेळा आली.