अकड

"मूठ मिटा बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तृप्तीनं मिटली. बोटं जराशी अडखळली, पण मिटली. शेजारी नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या कुंताबाईनं लगेच डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. हेच तर तिला दाखवायचं होतं. त्यासाठीच तिनं सकाळची बस मुद्दाम सोडली होती आणि सुनेला दिवस चांगला वर आल्यावर लाखनीच्या दवाखान्यात आणलं होतं. सकाळी आणली असती तर हिनं पुन्हा बोटं ताठ करून दाखवली असती. सारी नाटकं.

"पाहा जी, काई झालं नाई हिले," कुंताबाई म्हणाली. "तुमी फक्त तसं सांगून द्या. लेकाले बोलूनच निघाली मी. डाक्टर काई नाई म्हनली, का हिले इथूनच आसगावच्या बसमधी बसवतो. धानाच्या रोवण्याच्या दिवसात मजूर बाया भेटत नाईत, न घरची बाई खाटेवर. हे नाई चालत आपल्याले."

आसगाव म्हणजे तृप्तीचं माहेर. माहेर तरी कसलं, माय कधीच वारलेली. भाऊ-भावजय उजाडायच्या आत मजुरीला जाणारे. तिथं एकदा पोचवलेल्या बाईला परत कोण आणणार, कधी आणणार, ते कुणीच बोललं नव्हतं. तृप्तीला भीती वाटत होती. ती खाली मान घालून बसली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटांचा एकेक सांधा दाबून पाहिला. ती कळवळली. कुंताबाईनं मान दुसरीकडं वळवली, म्हणजे आपण असल्या कळवळण्याला फसत नाही हे डॉक्टरला कळावं.

"बाळंतपणानंतरच सुरू झालं ना हे? सकाळी अकड असते का?"

तृप्ती तोंड उघडणार, तोच सासू म्हणाली, "अकड? लय अकड आहे जी. सकाळी तर इचारूच नका."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं सांध्यांचं, कुंताबाईनं सांगितलं सुनेच्या तोऱ्याचं. पण हे त्यांना काय ठाऊक. त्यांनी पेन उचललं.

"किती वेळ राहते?"

"ढोरं चरायले गेले का मंग उतरते हळूहळू."

"बसून राहिल्यावर वाढते?"

"बसली का वाढते, कामाले लागली का कमी होते. मी हेच तर साऱ्या गावाले सांगून राहिलो."

"दोन्ही हातांत?"

"हातात, पायात, साऱ्या अंगात अकड. खाटेवरून उतरतानी पाय असे टेकवते, जसे खाली इंगळच आहेत. परवा मी मुद्दाम गॅसवर दूध ठेवून आंगनात गेली. म्हटलं, पाहू काय करते. उतू गेलं जी सारं, न ही पाहत उभी. दुधाचा गंज उतरवला नाई हिनं. दुखनं हत्तीच्या पावलानं येते न मुंगीच्या पावलानं जाते म्हनतात. हिचं रोज जेवायच्या टायमाले पळून जाते."

सख्ख्या आईनंही इतकी बारीक नजर ठेवली नसती. माया एखादे वेळी डुलकी घेते, संशय घेत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, फार बरं झालं तुम्ही आलात. हा सांध्यांचा वात आहे. कधी कधी बाळंतपणानंतर डोकं वर काढतो. रात्रभर पडून सांधे आखडतात, सकाळी सुटत नाहीत, हालचाल झाली की मोकळे होतात. तुम्ही सांगितलीत ना, तीच ही अकड. रक्त तपासून घेऊ. अंगावर पाजते आहे, तर तशाच गोळ्या देते."

आपल्याच तोंडानं आपण सुनेची वकिली केली, हे कुंताबाईच्या ध्यानात आलं आणि तिला भयंकर राग आला. या डॉक्टरचाही भरवसा नाही. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. पण तिच्यापाशी एक गोष्ट अजून शिल्लक होती, आणि तिच्यावर कुठल्या गोळ्या नव्हत्या.

"हात दुखते, मानलं," ती म्हणाली. "मंग सकाळी पोरीले काहून नाई घेत? पोरगी रडून राहते, न ही बाजूले बसून राहते. पोरगी झाली म्हनून तोंड फिरवते. तेबी वातानंच का?"

तृप्तीनं पहिल्यांदाच मान वर केली. "घेतो ना आई. तुमी ढोरांकडं गेल्यावर घेतो."

"कशी घेतं? गंज उचलत नाई न पोरगी उचलतं?"

"उचलत नाई. हातातून सुटली तर, म्हनून. रात्री बोटं चालतात, तवाच तिच्या दुपट्याले गाठ मारून ठेवतो. सकाळी ती गाठ दातात धरतो न तिले जवळ ओढून घेतो. तुमच्यापुढं लाज वाटते."

कुंताबाईनं मांडीवरच्या नातीकडं पाहिलं. दुपट्याच्या टोकाला खरंच गाठ होती, चावून चावून कडक झालेली. घरून निघाल्यापासून पोर कुंताबाईच्याच मांडीवर होतं. ती दोन्ही हातांनी गाठ सोडायला लागली.

"राहू द्या आई, सोडू नका," तृप्ती घाबरून म्हणाली. "आसगावले लागंल."

कुंताबाई सोडतच राहिली. गाठ नखांनी सुटत नव्हती. तिनं दुपट्याचं टोक तोंडाशी नेलं आणि गाठीला दात लावले.