बत्तीस नंबरचं जाकीट

बत्तीस नंबरचं जाकीट दुपारी थोरलीच्या पोत्यातून निघालं, तेव्हा धाकटी पाणी प्यायला नळावर गेली होती.

थोरलीनं ते उलटं करून पाहिलं. जहाज बुडायला लागलं की खलाशांनी अंगात चढवायचं, बुचाचे तुकडे भरलेलं साधं जाकीट. पाठीवर पांढऱ्या रंगातला आकडा, मानेशी हिरवी पट्टी. युद्ध सुरू झाल्यापासून जाकिटावर जहाजाचं नाव लिहायला बंदी होती. पण हिरव्या कापडाचा एकच तागा गोदीवरच्या या शेडमध्ये आला होता आणि तो एकाच मालवाहू जहाजाच्या जाकिटांना पुरला होता, हे शिवणाऱ्या बायकांना कोणी वेगळं सांगायला नको होतं. त्या जहाजावर एकतीस नंबर थोरलीच्या नवऱ्याचा, बत्तीस धाकटीच्या. सख्खे भाऊ. एकमेकांवर लक्ष ठेवतील म्हणून सासूबाईंनीच हट्टानं दोघांना एका जहाजावर धाडलं होतं.

जहाज बुडालं हे सगळ्या बंदराला कळून अकरा दिवस झाले होते. कोण वाचलं, ते मात्र कंपनीच्या कचेरीत कोणी सांगेना. यादी यायची आहे, एवढंच ऐकून दोघी जावा रोज परत येत होत्या. यादी आलीच नाही. काल जाकिटांची पोती आली, दुरुस्तीला.

शेडमधल्या बायकांना जाकीट वाचता येत होतं. वाचलेला माणूस जाकीट आपल्या हातानं काढतो. त्याच्या नाड्या सुटलेल्या असतात. मेलेल्याचं दुसरे काढतात, आणि ओली गाठ सोडत बसायला त्यांना सवड नसते. ते सरळ सुरी चालवतात.

"जाकिटं बोलत नसतात, बायांनो. तुम्हीही जरा कमी बोला नि हात चालवा," असं मुकादम एरवी दिवसातून चारदा म्हणायचा. आज सकाळपासून तोही गप्प होता.

बत्तीस नंबरच्या तिन्ही नाड्या कापलेल्या होत्या. गाठी एका बाजूला तशाच लोंबत होत्या.

थोरलीला काहीच वाटलं नाही. आपल्याला काही वाटत नाही, एवढंच तिला कळलं. दिराचा चेहरा आठवून पाहिला, तर त्याची चपला फरफटत चालायची सवय तेवढी आठवली. त्यावरून सासूबाई किती बोलायच्या त्याला.

एकतीस नंबर सकाळीच धाकटीच्या पोत्यात निघालं होतं. थोरली तेव्हा मागच्या हौदावर जाकिटांचं मीठ धूत होती. धाकटी धावतच बाहेर आली होती. "ताई, दादांच्या नाड्या सुटलेल्या आहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. त्यांनी स्वतः काढलंय." थोरली हात पुसून आत येईपर्यंत ते जाकीट तयार मालात जाऊन गठ्ठा बांधूनही झाला होता. तिनं तो सोडायला लावला नाही. धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली म्हणजे असणारच.

तेव्हापासून थोरली धाकटीच्या नजरेला नजर देत नव्हती. आपला माणूस वाचला आणि हिच्या माणसाचा अजून पत्ता नाही, याची तिला लाज वाटत होती. धाकटीही सकाळपासून चार शब्द बोलली नव्हती. नवऱ्याच्या काळजीनं, दुसरं काय.

नळाचा आवाज थांबला. थोरलीनं कात्रीनं गाठी उडवल्या, तुकडे पोत्याखाली सारले आणि सुई ओवली. पहिली नवी नाडी लागली. दुसरी लागली. टाके वाकडे पडत होते. दुसऱ्या कोणाचे असते तर तिनं तिथल्या तिथे उसवायला लावले असते. तिसरी अर्धी झाली, तोवर धाकटी बाहीनं तोंड पुसत आली.

"बत्तीस?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"हो, निघालं बाई एकदाचं." थोरलीनं मान वर केली नाही. "सुटलेल्या होत्या नाड्या. तिन्ही. भाऊजींनी आपल्या हातानं काढलंय. असतील दोघं कुठल्या तरी इस्पितळात, शेजारी शेजारी, पांघरुणावरून भांडत."

धाकटी रडली नाही, हसलीही नाही. समोर बसली आणि जाकीट तिनं आपल्याकडे ओढून घेतलं. कोऱ्या नाड्यांवरून बोट फिरवलं. एक वाकडा टाका अंगठ्यानं दाबून सपाट केला.

"मग बदलल्यात कशाला?"

"खराब झाल्या होत्या," थोरली म्हणाली. "खाऱ्या पाण्यानं कुजतात."

"हो, कुजतात."

धाकटीनं थोरलीच्या हातातली सुई काढून घेतली आणि अर्धी राहिलेली नाडी शिवायला लागली. दोन टाके झाल्यावर ती म्हणाली, "दादांच्याही खराबच झाल्या होत्या."