शिरीषची गाडी

“मॅडम, गिअरबॉक्स बदलावाच लागेल. करू का सुरुवात?” सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानं विचारलं आणि वृषाली मनातल्या मनात खर्च मांडू लागली. सस्पेन्शनचं काम तर मागच्याच दिवाळीत झालं होतं. शिरीषनं मोठ्या हौसेनं ही परदेशी गाडी घेतली आणि वर्षभरातच तो गेला. तेव्हापासून तिचा निम्मा पगार गाडीच खात होती. पण तिचे सासरे रोज संध्याकाळी न चुकता तिच्याबरोबर गाडीतून फेरफटका मारायला निघत. लेकाची तेवढी आठवण त्यांच्याकडून कशी काढून घ्यायची?

ते शेजारीच बसले होते. तिनं धीर एकवटला.

“मामंजी, मला ही गाडी आता झेपत नाही हो. विकून टाकूया का?”

त्यांनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

“पोरी, केवढी बुटकी गाडी ती! बसता-उठता माझ्या गुडघ्यांतून कळ येते. तू एकटी तिच्यात रडत बसशील, म्हणून येत होतो मी.”

“आणि मी ती तुमच्यासाठी रोज बाहेर काढत होते!”

दोघंही हसत सुटली. हसता हसता वृषालीचे डोळे भरून आले, पण कित्येक महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

“दुरुस्ती राहू दे,” तिनं त्या माणसाला सांगितलं. “गिऱ्हाईक बघा.”

बाहेर येऊन तिनं रिक्षा थांबवली. मामंजी आरामात आत सरकून बसले.

“वाटेत भेळ घेऊ,” ते म्हणाले. “गाडीत सांडेल म्हणून शिरीषनं कधी खाऊच दिली नाही.”